फोनवरून पीसी चालवताना बोट नेमकं कुठे चुकतं?

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय हॉस्टेलवाल्यांच्या रोजच्या त्रासाचा आहे. प्रोजेक्टची फाइल घरच्या पीसीत, सबमिशन आज रात्री, आणि हातात फक्त फोन. रिमोटचं ॲप जोडलं जातं, घरचा डेस्कटॉप दिसतो, आणि मग खरी झटापट सुरू होते. 'सेव्ह' दाबायला जावं तर शेजारचं 'डोन्ट सेव्ह' दाबलं जातं. दोन तासांचं काम एका टॅपमध्ये गेलं!

अशा वेळी आपण म्हणतो, ॲप भंगार आहे, नाहीतर नेट स्लो आहे. कधीकधी तसं असतंही. पण माझ्या मते मूळ दुखणं दुसरंच आहे. तिकडच्या पीसीला पत्ताच नसतो की तुम्ही फोनवर आहात. त्याच्या लेखी समोर मोठा मॉनिटर, माउस आणि कीबोर्ड घेऊन कुणीतरी बसलंय. तुमच्याकडे येतं ते फक्त चित्र. बटणं तिकडेच राहतात.

आता जरा हिशोब करूया. 24 इंची मॉनिटर साधारण 53 सेंटिमीटर रुंद असतो. तेच चित्र साडेसहा इंची फोनवर आडवं धरलं तरी जेमतेम 12 सेंटिमीटरमध्ये बसतं. म्हणजे सगळं चार पटींहून लहान. विंडोजमधलं खिडकी बंद करायचं फुलीचं बटण मॉनिटरवर सव्वा सेंटिमीटर रुंद असेल, तर फोनवर ते तीन मिलिमीटरच्या आसपास उरतं. आपल्या बोटाचं टोक असतं सेंटिमीटरभर! म्हणजे एका बोटाखाली मिनिमाइझ, मॅक्सिमाइझ आणि फुली तिन्ही आली. अँड्रॉइड ॲप बनवणाऱ्यांना गूगल सांगतं की टॅप करायची जागा सुमारे 9 मिलिमीटर तरी ठेवा. डेस्कटॉप बनवणाऱ्यांनी बोटाचा विचार केलाच नव्हता, कारण तिथे माउसचं बारीक टोक होतं.

दुसरी गोष्ट, माउस नुसता एखाद्या गोष्टीवर नेऊन ठेवता येतो. क्लिक न करता. तसं केल्यावरच उघडणारे मेनू आणि दिसणाऱ्या सूचना डेस्कटॉपवर भरपूर असतात. बोटाचं तसं नसतं. ते एकतर काचेवर टेकलेलं असतं, नाहीतर नसतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: ॲपच्या सेटिंगमध्ये 'टच मोड' असेल तर तो बंद करा आणि 'टचपॅड' किंवा 'माउस मोड' घ्या. मग फोनची काच लॅपटॉपच्या टचपॅडसारखी वागते. बोट कुठेही फिरवा, बाण हळूहळू सरकतो, आणि टॅप केलं की बाणाच्या टोकावर क्लिक होतं. नेम बोटाचा नाही, बाणाचा. राइट क्लिकसाठी काही ॲपमध्ये दोन बोटांचा टॅप असतो, काहींत बोट दाबून धरावं लागतं. हे आधीच बघून ठेवा.

दुसरा सल्ला: सारखं झूम करत बसू नका, तिकडचा स्क्रीनच मोठ्या अक्षरांचा करा. इथे एक फरक समजून घ्या. व्हीएनसी किंवा क्रोम रिमोट डेस्कटॉपसारखी साधनं मॉनिटरवर जे आहे त्याचीच नक्कल पाठवतात. तिथे पीसीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन स्केल 150 टक्के करा. मायक्रोसॉफ्टचं रिमोट डेस्कटॉप वेगळं वागतं. त्यात फोनच सांगू शकतो की मला एवढ्या मापाचा स्क्रीन दे. शिवाय तेव्हा घरचा मॉनिटर लॉक होतो, त्यामुळे तिथे बसलेल्याला तुमचं काम दिसत नाही. अडचण एकच, पीसीवर विंडोजची होम आवृत्ती असेल तर बाहेरून असं जोडता येत नाही, प्रो लागते.

आता उशिराचं बघू. नेट कितीही चांगलं असलं तरी तुम्ही बघता तो स्क्रीन क्षणभर जुना असतो. तुम्ही टॅप करेपर्यंत तिकडे नवी खिडकी उघडलेली असू शकते. डबल क्लिकचंही तेच. विंडोज दोन क्लिकमध्ये अर्ध्या सेकंदापर्यंतच थांबतं, आणि वाटेत दुसरा क्लिक रेंगाळला की ते दोन सुटे क्लिक धरतं. उपाय सोपा: एकदा टॅप करून फाइल निवडा आणि एंटर दाबा. सेव्हसाठी कंट्रोल एस. कीबोर्डला नेम धरावा लागत नाही.

मराठी टाइप करताना कचरा उमटतो का? फोनचा कीबोर्ड शब्द बनवता बनवता बदलत असतो, आणि ते बदल पलीकडे नीट पोहोचतीलच असं नाही. मजकूर आधी फोनच्या नोट्समध्ये लिहा, कॉपी करा, तिकडे पेस्ट करा. फक्त लक्षात ठेवा, क्लिपबोर्ड सामायिक असेल तर तुम्ही कॉपी केलेला पासवर्डही तिकडे जातो.

आणि मध्येच स्क्रीन काळा झाला किंवा गोठला तर? बऱ्याचदा विंडोज ॲडमिनची परवानगी मागत असतं. तो प्रश्न ते मुद्दाम एका वेगळ्या, सुरक्षित स्क्रीनवर विचारतं, आणि साध्या परवानगीने चालणाऱ्या रिमोट ॲपला तिथे प्रवेश नसतो. घरी फोन करून आईला 'येस' दाबायला सांगा, पण त्याआधी काय इन्स्टॉल होतंय ते तिला वाचून दाखवायला लावा.

हा अडथळा त्रासदायक वाटला तरी आपल्याच भल्याचा आहे. 2019 च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने रिमोट ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. समोरचा गोड बोलून ॲप टाकायला लावतो, कोड विचारतो, आणि मग तुमचा स्क्रीन त्याचा होतो. त्यामुळे कोड अनोळखी माणसाला द्यायचा नाही, मग तो बँकेचं नाव सांगो की कंपनीचं.

तर आज रात्री सबमिशन असेल, तर आधी पाच मिनिटं काढा: माउस मोड, मोठं स्केल, आणि दर थोड्या वेळाने कंट्रोल एस. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!