मानसशास्त्राच्या वर्गातील संख्याशास्त्र

माणसाच्या मनाविषयी मानसशास्त्र जी विधाने करते, ती बहुतेक सगळी सरासरीची विधाने असतात. नुसते घोकण्यापेक्षा डोळ्यांसमोर चित्र उभे करून पाठ केलेले शब्द जास्त लक्षात राहतात, हे खरे. तरी घोकूनच उत्तम पाठांतर करणारे विद्यार्थी प्रत्येक वर्गात सापडतात. दोन माणसे एकाच प्रसंगी सारखी वागत नाहीत. एकाच माणसाला तीच चाचणी आठवड्याने पुन्हा दिली, तर त्याचे गुणही बदलतात. या चढउतारात खरा फरक किती आणि योगायोगाने पडलेला किती, हे ठरवण्याचे साधन म्हणजे संख्याशास्त्र. म्हणून मानसशास्त्राच्या पदवीला बहुतेक विद्यापीठांत ते शिकावेच लागते. समुपदेशक व्हायला निघालेल्याला ही आकडेमोड कशाला, हा प्रश्नही तितक्याच ठिकाणी विचारला जातो.

महाराष्ट्रात कला शाखेतून मानसशास्त्राकडे आलेल्या विद्यार्थ्याचा गणिताशी संबंध अनेकदा दहावीनंतर संपलेला असतो. प्रमाण विचलनाचे सूत्र फळ्यावर उतरले, की जुनी धास्ती परत येते. ही धास्ती इतकी सार्वत्रिक आहे, की क्रूझ, कॅश आणि बोल्टन या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये तिचेच मोजमाप करणारी ५१ विधानांची श्रेणी तयार केली. परीक्षेची भीती, निष्कर्षाचा अर्थ लावण्याची भीती, मदत मागण्याचा संकोच आणि संख्याशास्त्राच्या शिक्षकांची भीती, असे तिचे वेगवेगळे घटक आहेत. प्रत्यक्षात पहिल्या अभ्यासक्रमाला लागणारे गणित बेरीज, गुणाकार, वर्ग आणि वर्गमूळ यांच्या फारसे पुढे जात नाही. अवघड असते ती त्यामागची विचाराची चाल. ती सावकाश उलगडून दाखवली नाही, तर सूत्रे पाठ होतात आणि विषय हातातून निसटतो.

संख्याशास्त्राचे हे साधन मानसशास्त्राने सगळेच बाहेरून उसने आणलेले नाही. त्यातले बरेचसे मानसशास्त्राच्याच प्रश्नांच्या पोटी जन्मले. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. त्याच काळात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन माणसामाणसांतील फरक मोजत होते. आईवडिलांची आणि मुलांची उंची ताडून पाहताना त्यांना सहसंबंधाची कल्पना सापडली आणि कार्ल पिअर्सन यांनी तिला आजचे सूत्र दिले. वुंट यांच्याकडे शिकलेल्या चार्ल्स स्पिअरमन यांनी शाळकरी मुलांच्या गुणांमधील सहसंबंध तपासून १९०४ मध्ये सामान्य बुद्धीचा सिद्धान्त मांडला आणि घटक विश्लेषणाचा पाया घातला. या इतिहासाला काळी बाजूही आहे. गाल्टन आणि पिअर्सन हे दोघेही मानववंश ‘सुधारण्याच्या’ सुप्रजननवादी चळवळीचे पुरस्कर्ते होते आणि बुद्धिमापनाचा वापर माणसांची प्रतवारी लावण्यासाठी झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२० मध्ये आपल्या व्याख्यानगृहांना आणि इमारतीला दिलेली या दोघांची नावे काढून टाकली. सहसंबंध शिकवताना हेही विद्यार्थ्यांना सांगितले गेले पाहिजे.

अभ्यासाची सुरुवात होते वर्णनापासून. मध्यमान, मध्यांक, बहुलक आणि प्रमाण विचलन यांना फार वेळ लागत नाही; मध्यमान गुणांचा मधला भाग दाखवते आणि प्रमाण विचलन पसारा. पुढचा टप्पा अनुमानाचा, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. एक छोटे उदाहरण त्यासाठी पुरते.

समजा, आठ विद्यार्थ्यांना वीस शब्दांची यादी दिली. चिठ्ठ्या टाकून त्यांचे चार-चारांचे दोन गट केले. एका गटाने प्रत्येक शब्दाचे चित्र मनात उभे करायचे, दुसऱ्याने शब्द घोकायचे. नंतर आठवलेले शब्द मोजले. चित्र गटाचे गुण १४, ११, १५ आणि १२. घोकणाऱ्या गटाचे ९, १२, ८ आणि ११. पहिल्या गटाचे मध्यमान १३, दुसऱ्याचे १०. तीन शब्दांचा फरक चांगलाच डोळ्यांत भरतो. पण चिठ्ठ्या टाकताना चांगल्या स्मरणशक्तीचे विद्यार्थीच पहिल्या गटात गेले असतील तर?

आता उलट बाजूने विचार करायचा. पद्धतीने काहीच फरक पडत नाही आणि प्रत्येकाला कुठल्याही गटात तितकेच शब्द आठवले असते, असे घटकाभर धरून चालायचे. हीच शून्य परिकल्पना. मग हे आठ गुण म्हणजे आठ चिठ्ठ्या, आणि त्यांची चार-चारांत वाटणी ७० प्रकारे करता येते. पहिल्या गटाची बेरीज प्रत्यक्षात ५२ आली. ५२ किंवा त्याहून जास्त बेरीज या ७० पैकी फक्त ५ वाटण्यांत येते. फरक उलट दिशेने तितकाच पडला असता तर तोही आश्चर्याचाच ठरला असता, म्हणून त्या बाजूच्या ५ वाटण्याही धरायच्या. ७० पैकी १०, म्हणजे साधारण ०.१४. पद्धतीचा काहीही परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ वाटणीमुळे दिसण्याची ही संभाव्यता, आणि यालाच पी-मूल्य म्हणतात. कागद-पेन्सिल घेऊन या वाटण्या एकदा मोजल्या, की ही संकल्पना बहुतेकांच्या डोक्यात कायमची बसते. सूत्रापासून सुरुवात केली तर तसे क्वचितच होते.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात हाच ७० चा हिशेब चहाच्या कपांवर मांडला होता. कपात दूध आधी घातले की चहा, हे चवीवरून ओळखता येते असे म्हणणाऱ्या बाईंसमोर आठ कप ठेवायचे, त्यांपैकी चारांत दूध आधी घातलेले. सगळे कप केवळ अंदाजाने बरोबर ओळखले जाण्याची शक्यता ७० त एक. त्याआधी १९०८ मध्ये डब्लिनच्या गिनेस मद्यकंपनीतील विल्यम गॉसेट यांनी लहान नमुन्यांसाठीचे वितरण शोधले आणि ते ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. दोन गटांच्या मध्यमानांची तुलना करणाऱ्या ज्या टी-चाचणीला विद्यार्थी घाबरतात, तिचा उगम हा असा.

वरच्या गुणांवर टी-चाचणी लावली तर टी २.३२ येतो. सहा स्वातंत्र्यमात्रांसाठी (आठ गुण उणे दोन मध्यमाने) पाच टक्के पातळीवर तक्त्यातली किंमत २.४४७ आहे. टी तिच्यापेक्षा कमी, म्हणून फरक सार्थक, म्हणजे योगायोगापलीकडचा मानण्याजोगा, ठरत नाही; पी-मूल्य ०.०५९ येते, पाच टक्क्यांहून थोडे जास्त. वाटण्या मोजून आलेल्या ०.१४ पेक्षा ते बरेच कमी आहे. टी-चाचणी गुणांचे वितरण घंटेच्या आकाराचे, प्रसामान्य आहे असे गृहीत धरते आणि त्या गृहीताच्या बळावर अधिक नेमके बोलते. आठच माणसांच्या नमुन्यात त्या गृहीतावर किती भिस्त ठेवायची, हा प्रश्न विद्यार्थ्याला पडला, तर शिकवणे सार्थकी लागले.

पी-मूल्याचा अर्थ लावताना मात्र भलेभले घसरतात. पी ०.०३ आला म्हणजे शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता तीन टक्के, किंवा प्रयोग पुन्हा केला तर ९७ टक्के वेळा हाच निकाल मिळेल, हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. हॅलर आणि क्राउस यांनी २००२ मध्ये जर्मनीतील सहा विद्यापीठांत अशी सहा चुकीची विधाने लोकांसमोर ठेवली. मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यांपैकी निदान एक तरी खरे मानले. त्याहून चिंतेची गोष्ट अशी, की संशोधनपद्धती शिकवणाऱ्यांपैकीही ८० टक्के लोकांनी तेच केले. तेव्हा विद्यार्थ्याचा गोंधळ हा त्याच्या बुद्धीचा दोष मानण्यात अर्थ नाही.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दोन्ही गटांचे प्रमाण विचलन १.८३ आहे, तीन शब्दांचा फरक म्हणजे प्रमाण विचलनाच्या १.६ पट. जेकब कोहेन यांच्या ढोबळ मापाने ०.२ हा लहान परिणाम, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा. म्हणजे परिणाम प्रचंड, तरीही निकाल सार्थक नाही! कारण माणसेच अपुरी. प्रत्येक गुण दोनदा आला आणि गटात आठ-आठ जण झाले, तर टी ३.५५ वर जातो आणि तोच फरक सहज सार्थक ठरतो. सार्थकता आणि परिणामाचा आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या नमुन्यात क्षुल्लक फरकही सार्थक ठरतो आणि लहान नमुन्यात भरीव फरकही हुकतो. मानसशास्त्रीय प्रयोगांचे नमुने इतके लहान असतात, की मध्यम परिणाम खरोखर असला तरी तो सापडण्याची शक्यता सरासरीने निम्म्याहूनही कमी असते, हे कोहेन यांनी एका नियतकालिकातील संशोधन तपासून १९६२ मध्येच दाखवले होते. हा इशारा पुढची कित्येक दशके फारसा कुणी मनावर घेतला नाही.

त्याची किंमत २०११ पासून दिसू लागली. त्या वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन यांनी बीटल्सचे एक गाणे ऐकल्याने माणसांचे वय जवळपास दीड वर्षाने कमी होते, असे नियमांत बसणाऱ्या विश्लेषणातून ‘सिद्ध’ करून दाखवले. मोजलेल्या अनेक गोष्टींतली सोयीची निवडायची, निकाल हवा तसा येईपर्यंत माणसे वाढवायची, एखादा गट गाळायचा. अशा सवलती एकत्र घेतल्या तर खोटा सार्थक निकाल मिळण्याची शक्यता पाचावरून साठ टक्क्यांवर जाते, असा त्यांचा हिशेब होता. २०१५ मध्ये ब्रायन नोसेक यांच्या पुढाकाराने शंभर प्रसिद्ध संशोधने पुन्हा करून पाहिली गेली. मूळ संशोधनांपैकी ९७ टक्क्यांचे निकाल सार्थक होते. पुन्हा केल्यावर ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. पाठ्यपुस्तकातला कुठला निष्कर्ष विश्वासाचा, हे स्वतः पारखण्याची गरज त्यामुळे विद्यार्थ्यालाही टळत नाही.

समुपदेशनाकडे जाणाऱ्यांची संख्याशास्त्राशी गाठ पडते ती मुख्यतः चाचण्यांमध्ये. एखाद्या मुलाला ३४ गुण मिळाले, या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. त्याच्या वयाची आणि त्याच्यासारख्या परिस्थितीतली मुले किती गुण मिळवतात, हे माहीत असावे लागते. बिने यांची बुद्धिमापन चाचणी फ्रान्समध्ये १९०५ साली तयार झाली. तिचे प्रश्न मराठीत उतरवले म्हणून इथल्या मुलांचे माप मिळत नाही. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांवर काम करून तिचे भारतीय रूप तयार केले, आणि बिने-कामत नावाने ती देशभर वापरली गेली. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेल्या ज्ञान प्रबोधिनीनेही प्रज्ञावान मुलांच्या निवडीसाठी स्वतःच्या चाचण्या उभ्या केल्या. मध्यमान १०० आणि प्रमाण विचलन १५ असेल तर बुद्धिगुणांक १३० म्हणजे मध्यमानाच्या दोन विचलने वर; तिथे किंवा त्यापलीकडे शंभरात साधारण दोघेच. पण कुठलीही चाचणी अचूक नसते. मापनातील प्रमाणित त्रुटी, म्हणजे गुण योगायोगाने किती मागेपुढे होऊ शकतात हे, समजलेला समुपदेशक ६९ बुद्धिगुणांकाच्या मुलावर मतिमंदत्वाचा शिक्का मारून ७१ च्या मुलाला सोडून देत नाही. आकडेमोड कशाला, या प्रश्नाचे इतके थेट उत्तर दुसरे नाही.

संगणकाने आकडेमोडीचे ओझे केव्हाच उतरवले आहे. एसपीएसएस हे सॉफ्टवेअर १९६८ मध्ये आले आणि सामाजिक शास्त्रांत रुळले. ऑकलंड विद्यापीठात जन्मलेली आर ही भाषा आणि तिच्यापेक्षा सोपी जॅस्प व जामोव्ही ही साधने मोफत मिळतात. सोय झाली, तसा धोकाही वाढला: कुठलेही बटण दाबले तरी काहीतरी उत्तर येतेच. म्हणून चाचणीआधी आलेख काढायची सवय लावावी लागते. फ्रान्सिस ॲन्सकोम यांनी १९७३ मध्ये दिलेल्या चार आकडेसंचांची मध्यमाने, विचलने आणि सहसंबंध जवळजवळ एकसारखे आहेत; आलेखात मात्र एक सरळ रेषेभोवती पसरलेला, दुसरा वक्र, आणि उरलेले दोन प्रत्येकी एका भरकटलेल्या बिंदूने ओढले गेलेले दिसतात.

शिकण्याचा क्रम त्यामुळे महत्त्वाचा. आधी प्रश्न, मग तो कुठल्या मापाने आणि किती जणांवर तपासायचा, आणि शेवटी चाचणीचे नाव. कुठे टी-चाचणी आणि कुठे काय-वर्ग, असा तक्ता पाठ करून परीक्षा सुटते, पण पदव्युत्तर प्रबंधाच्या वेळी तोच विद्यार्थी गोळा केलेल्या प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन आता यावर कुठली चाचणी लावू, असे विचारत फिरतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो. दोन गटांतला मध्यम आकाराचा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा, तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. हा हिशेब माणसे गोळा करण्याआधी करायचा असतो. परिकल्पना आणि विश्लेषणाचा आराखडाही आधीच नोंदवून ठेवण्याची पद्धत आता रुळते आहे. निकाल लिहिताना नुसते ‘फरक सार्थक आढळला नाही’ एवढे पुरत नाही. वरच्या शब्दांच्या प्रयोगाचा अहवाल असा होईल: चित्र गटाला सरासरी तीन शब्द जास्त आठवले, टी २.३२, स्वातंत्र्यमात्रा ६, पी ०.०५९, खऱ्या फरकाच्या ९५ टक्के विश्वास-मर्यादा उणे ०.१६ ते अधिक ६.१६. म्हणजे फरक शून्य असू शकतो आणि सहा शब्दांचाही असू शकतो. आठ जणांवरून याहून जास्त सांगता येत नाही.