धूर कुठला, वाफ कुठली? वाफेच्या इंजिनाचा फोटो काढण्याआधी

आज आपण वाफेच्या इंजिनांच्या फोटोंबद्दल बोलणार आहोत. भारतात ब्रॉडगेजवरची रोजची वाफेची गाडी १९९५ मध्ये बंद झाली. आता ही इंजिनं दिसतात ती डोंगरातल्या काही मार्गांवर आणि खास सहलींच्या गाड्यांना. तिथे गेल्यावर आपल्यातले बहुतेक जण काय करतात? इंजिन दिसलं की मोबाइल काढतात आणि शक्य तितकं जवळ जातात. घरी येऊन बघावं, तर फोटोत एक काळा ठोकळा आणि वर पांढरा डाग. असं का होतं? कॅमेरा साधा असतो म्हणून नव्हे. इंजिन त्या क्षणी काय काम करतंय, हे आपल्याला माहीत नसतं म्हणून. तेच आज समजून घेऊ.

उदाहरणाला दार्जिलिंगची गाडी घेऊ. हा मार्ग १८८१ मध्ये सुरू झाला. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट. १९९९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. दार्जिलिंग ते घूम आणि परत, अशी पर्यटकांची फेरी तिथे चालते. ती वाफेवरही असते आणि डिझेलवरही, तेव्हा तिकीट काढतानाच नीट बघा. वाफेच्या फेरीला ‘बी’ वर्गाची छोटी इंजिनं असतात आणि त्यातली काही शंभर वर्षांपेक्षा जुनी आहेत.

आता पहिला प्रश्न. धुराड्यातून निघणारं ते पांढरं नेमकं काय असतं? आपण सवयीने त्याला धूर म्हणतो. पण धूर काळा किंवा करडा असतो, कोळसा नीट जळला नाही की तो दिसतो. पांढरं दिसतं ते पाणी. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. चहाच्या किटलीची तोटी आठवा: तोटीच्या अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही, पांढरा ढग थोडा पुढे सुरू होतो. वाफ थंड हवेत गेली की तिचे बारीक थेंब होतात आणि ते थेंब आपल्याला दिसतात.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, हवा जितकी थंड आणि दमट, तितका ढग दाट आणि जास्त वेळ टिकणारा. डिसेंबरच्या सकाळी जे मिळेल, ते मे महिन्याच्या दुपारी मिळणार नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून झालेली वाफ धुराड्यातून जोरात बाहेर पडते आणि जाताना आगीला हवा ओढून देते. आपण ज्याला ‘झुकझुक’ म्हणतो, तो या वाफेच्या फुंकरीचा आवाज. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात अशा चार फुंकरी बसतात. म्हणजे काय, तर इंजिन ओढत असेल तरच ढग. उतारावर ड्रायव्हर वाफ बंद करतो आणि गाडी आपल्या वजनाने घरंगळत येते. मग फोटोत उरतं नुसतं इंजिन.

दार्जिलिंगहून घूमला जाताना चढ आहे. घूम स्टेशन २,२५८ मीटरवर आहे, दार्जिलिंगपेक्षा बरंच वर. तेव्हा ढगाचा फोटो हवा असेल तर जातानाचा प्रवास सांभाळा, येताना निवांत डोंगर बघा. वाटेत बतासियाच्या वळणावर गाडी थांबते आणि पुन्हा चढावरच सुटते, ती जागा उत्तम. सुटताना इंजिनाच्या बाजूंनीही वाफेचे झोत येतात. सिलिंडरमध्ये साठलेलं पाणी बाहेर काढण्यासाठी ड्रायव्हर झडपा उघडतो, त्याचे ते झोत. दिसायला सुंदर, पण भाजणारे. तेव्हा बाजूला चिकटून उभं राहू नका.

प्रत्येक मार्गाचं गणित मात्र वेगळं असतं. निलगिरीच्या गाडीत मेट्टुपालयमहून वर जाताना इंजिन डब्यांच्या मागे असतं आणि गाडी ढकलतं. पुढे जाऊन उभे राहिलात तर तुम्हाला डबा दिसेल. तिथे वळणावरून मागची बाजू धरावी लागते.

आता कॅमेरा. इंजिन गडद आणि वाफ पांढरी, कॅमेरा या दोघांची सरासरी काढतो. चौकट इंजिनाने भरली की तो फोटो उजळ करतो आणि वाफेचा सपाट पांढरा डाग होतो. म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. अंधारातला तपशील नंतर वर आणता येतो, जळालेला पांढरा परत येत नाही. सूर्य डोक्यावर असताना चाकं आणि दांडे सावलीत जातात. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन त्यांच्यापर्यंत पोचतं. वेगाचं म्हणाल तर ताशी १५ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला चार मीटरहून थोडं जास्त सरकते. १/५०० सेकंदात ती साधारण ८ मिलिमीटर जाते, १/३० सेकंदात जवळजवळ १४ सेंटिमीटर. पहिल्यात इंजिन स्थिर दिसेल. दुसऱ्यात कॅमेरा गाडीबरोबर फिरवला, तर मागचं दृश्य पुसट होऊन वेग दिसेल.

एक विनंती. नुसत्या इंजिनाचा फोटो घेऊन थांबू नका. दार्जिलिंगच्या गाडीत ड्रायव्हर आणि फायरमनशिवाय कोळसा फोडणारा माणूस असतो. चाकं घसरू नयेत म्हणून पुढे बसून रुळांवर हाताने वाळू टाकणारी माणसंही असतात. हे काम पुस्तकात बघून येत नाही, एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जातं. त्यांना विचारून, त्यांच्या कामात न येता फोटो घ्या. शंभर वर्षांनी इंजिन कदाचित संग्रहालयात मिळेल, वाळू टाकणारा हात मिळणार नाही.

आणि आता सगळ्यात गंभीर मुद्दा. जून २०२४ मध्ये मेक्सिकोत ‘एम्प्रेस’ नावाचं जुनं वाफेचं इंजिन सहलीवर आलं होतं. रुळांशेजारी गुडघ्यावर बसून फोटो काढणाऱ्या एका बाईंना त्याचा धक्का बसला आणि त्यांचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये इंग्लंडात ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ लंडनहून यॉर्कला निघालं, तेव्हा लोक रुळांवर आल्यामुळे गाडी वाटेत थांबवावी लागली. ही माणसं बेफिकीर होती असं म्हणून आपण सुटत नाही, अंदाज आपलाही चुकू शकतो. आपण रूळ बघतो आणि त्यांच्या बाहेर आहोत म्हणून निश्चिंत होतो. पण तिकडच्या रुळांमध्ये अंतर १,४३५ मिलिमीटर, आणि मोठं इंजिन साधारण तीन मीटर रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना ते रुळाबाहेर पाऊण मीटर येतं. त्यात मोबाइलची भिंग रुंद असते, पडद्यावर गाडी आहे त्यापेक्षा लांब दिसते. सेल्फीत तर पाठच तिकडे असते.

आपल्याकडे विनापरवाना रुळांवर जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. दार्जिलिंगला तर रूळ रस्त्याला लागूनच जातात, पुन्हा पुन्हा तो ओलांडतात, दुकानांच्या दारावरून जातात. तिथे कुंपण कमी, म्हणून आपलं भान जास्त हवं. सोपा नियम असा: गाडी येण्याआधी जागा ठरवा, रुळांपासून काही पावलं मागे. लांब पल्ल्याची भिंग असेल तर ती लावा, आणि गाडी दिसल्यावर पाय पुढे टाकू नका. चढ, थंड हवा आणि तिरपं ऊन यांचा मेळ आधी घातलेला असेल, तर चांगल्या फोटोसाठी जवळ जायची गरजच पडत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.