पद्मिनीचा गिअर अडतोय? बॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

बहुतेक प्रीमियर पद्मिनींचा गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर असतो. तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि बुश, म्हणजेच लिंकेज. निम्मा त्रास तिथेच सापडतो.

🔧 इंजिन बंद असतानाही गिअर अडतो: लिंकेजचे बुश झिजलेत किंवा सेटिंग बिघडलंय.
🔧 बंद असताना सहज पडतो, चालू असताना खरखरतो: क्लच पूर्ण सुटत नाही. आधी पेडलचा प्ले जुळवा.
🔧 एकाच गिअरला खरखर: सिंक्रो रिंग बघा.
🔧 न्यूट्रलमध्ये घरघर, क्लच दाबताच गप्प: इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज: रिलीज बेअरिंग.

गिअरबॉक्सचं ऑइल काढाल तेव्हा नीट न्याहाळा. पितळी चमक म्हणजे सिंक्रोची झीज. लोखंडाचे तुकडे निघाले, तर मात्र गाडी चालवू नका. बॉक्स उघडायलाच हवा.

#पद्मिनी #जुन्यागाड्या