डेहराडूनहून येणारी समुद्राची खबर

पर्शियन आखातात तेल भरून आमचं जहाज मुंबईकडे निघालं की ब्रिजवरच्या उपग्रह रिसीव्हरवर सूचना छापून येऊ लागत. मी तेव्हा सेकंड ऑफिसर होतो आणि त्या वाचून नकाशावर खूण करणं माझं काम होतं. वाटेच्या पहिल्या भागातल्या सूचना पाकिस्तानकडून यायच्या, पुढच्या भारताकडून. दोन्हींची मांडणी एकच: क्रमांक, अक्षांश-रेखांश, धोका कशाचा. जमिनीवर न पटणारे हे दोन देश बुडालेल्या जहाजाचा सांगाडा कुठे आहे ते मात्र सगळ्या जगाला सांगतात. याचं महत्त्व मला आजही फार वाटतं.

ही व्यवस्था आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी उभारली. जगातले समुद्र २१ विभागांत वाटले आहेत. आठवा विभाग भारताकडे, नववा पाकिस्तानकडे. आठव्याचं काम पाहतं नौदलाचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय, तेही समुद्रापासून शेकडो मैल दूर, डेहराडूनला! वाहत आलेला कंटेनर, दिवा विझलेला बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण), श्रीहरिकोट्याहून रॉकेट उडणार म्हणून टाळायचा पट्टा, असं सगळं तिथून जाहीर होतं.

सूचना तात्पुरत्या असतात. कायमचा बदल नकाशावर चढवावा लागतो. कागदी नकाशांच्या काळात आम्ही ट्रेसिंग पेपर ठेवून बारीक टोकाच्या पेनाने जांभळट शाईत दुरुस्ती करायचो आणि डाव्या कोपऱ्यात खाली तिचा क्रमांक लिहायचो. नकाशा कुठल्याही देशाचा असो, खडकाची खूण ओळखीची असायची. पूर्वी असं नव्हतं. इंग्रजांच्या नकाशांत खोली फॅदममध्ये, म्हणजे आपल्या कोळ्यांच्या वावांसारख्या मापात, तर फ्रेंचांच्या नकाशांत मीटरमध्ये. १९२१ साली मोनॅकोत आजच्या जलसर्वेक्षण संघटनेचं पूर्वरूप असलेलं आंतरराष्ट्रीय कार्यालय सुरू झालं आणि खुणा, मापं, अचूकतेचे निकष हळूहळू जुळत गेले. भारत १९५५ मध्ये त्यात सामील झाला.

आज आपण केवळ सभासद नाही. आपल्या नौदलाच्या सर्वेक्षण नौकांनी मॉरिशस, सेशेल्ससारख्या देशांचे समुद्र मोजून दिले आहेत. गोव्यातल्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेत परदेशी अधिकारीही शिकतात आणि तिथल्या अभ्यासक्रमांना याच जलसर्वेक्षण संघटनेची मान्यता आहे. बोये आणि दीपगृहांचे नियम दुसरी संघटना ठरवते. तिथे आपलं दीपगृह महासंचालनालय बसतं. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा, हा आपल्याकडचा नियम १९८० साली ठरलेल्या पद्धतीतला. (अमेरिकेत तो उजव्या हाताला असतो!) वेंगुर्ल्याच्या नॅव्हटेक्स (जहाजांना रेडिओवरून छापील सूचना देणाऱ्या) केंद्रावरून जाणारा इशाराही जगभर ठरलेल्या ५१८ किलोहर्ट्‌झवरच जातो.

सर्वेक्षणातून मिळणारे खोलीचे आकडे शास्त्रज्ञांनाही हवे असतात. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. हिंदी महासागराला इशारा देणाऱ्या हैदराबादच्या केंद्राला तळ माहीत नसेल, तर लाट किनाऱ्यावर कधी पोहोचेल हे अचूक सांगता येणार नाही. तरी २०२५ पर्यंत जगातल्या समुद्रतळाचा जेमतेम चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग आधुनिक साधनांनी मोजून झाला आहे. अनेक देश आपले आकडे संरक्षणाच्या नावाखाली कपाटात ठेवतात. बंदरांच्या तोंडचे बारकावे झाकून ठेवा, पण खोल समुद्राचे ठोकळ आकडे सर्वांना द्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सूचनांच्या या साखळीचं पहिलं टोक मात्र डेहराडूनला नाही, पाण्यावर आहे. कोकणातल्या तांडेलांना माझी विनंती आहे: बोयाला होडी बांधू नका, त्याचा दिवा काढू नका. विझलेला बोया दिसला तर जवळच्या बंदर कार्यालयाला कळवा आणि कुणी संकटात दिसलं तर तटरक्षक दलाला १५५४ वर लगेच फोन करा.