बुंदीच्या हिरड्यांचा रंग

बुंदीने सकाळचा दहीभात तसाच ठेवला, तेव्हा मी उन्हाळ्याला दोष दिला. मे महिना होता आणि फरशीवर पोट टेकून पडून राहणं तिचं नेहमीचंच होतं. दुसऱ्या दिवशी फिरून येताना ती जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली, ती उठेचना. पाच वर्षांची, अठरा किलोंची कुत्री, आणि छाती अशी धपापत होती की जणू डोंगर चढून आली आहे. तिने कोपऱ्यात केलेली शू कडक चहाच्या रंगाची होती.

बुंदी देशी आहे आणि अनेक देशी कुत्र्यांसारख्या तिच्या हिरड्या काळ्या डागांनी भरलेल्या आहेत. त्यामुळे ‘हिरड्या फिकट आहेत का ते बघा’ हा सल्ला माझ्या उपयोगी पडला नव्हता. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढली. आतला भाग गुलाबी हवा होता. तो पांढराफटक होता, आणि त्या पांढऱ्यावर हळदीचं बोट पुसल्यासारखी पिवळी झाक होती. तासाभरात रिपोर्ट आला. एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ५. निरोगी कुत्र्याचं ते साधारण १२ ते १८ असतं.

घरी फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, “अगं, मग बीट उकडून दे तिला, खजूर दे. कलेजी आणू का?” त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. रक्त कमी झालं की रक्त वाढवणारं खायला द्यायचं, हे आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. पण बुंदीच्या शरीरात लोहाची कमतरता नव्हतीच. रक्त तयार होत होतं आणि तिचं शरीरच ते मोडून टाकत होतं. हा फरक समजायला मला दोन दिवस लागले. तो समजल्याशिवाय पुढच्या सहा महिन्यांतलं काहीच नीट करता आलं नसतं, म्हणून आधी तोच सांगते.

कुत्र्याच्या रक्तातली तांबडी पेशी साधारण ११० दिवस जगते. म्हातारी झाली की प्लीहा आणि यकृत तिला बाजूला काढतात, तिच्यातलं लोह सांभाळून ठेवतात आणि त्यातून नवी पेशी घडते. या आजारात रोगप्रतिकारक यंत्रणेची ओळख चुकते. जंतूंना चिकटायची ती प्रतिपिंडं स्वतःच्याच तांबड्या पेशींना चिकटतात. मग प्लीहेला तरणीताठी पेशीही परकी वाटू लागते आणि ती मोडली जाते. काही कुत्र्यांत तर पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. मोडलेल्या रक्ताचं पिवळं द्रव्य कातडीत आणि डोळ्यांत साचतं, तांबडं लघवीतून बाहेर पडतं. डॉक्टर याला ‘इम्यून मीडिएटेड हिमोलिटिक अ‍ॅनिमिया’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘आयएमएचए’. अशा कुत्रीला बीट खाऊ घालणं म्हणजे तळाला भोक पडलेल्या हंड्यात पाणी ओतत राहणं. लोहाचं टॉनिक तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊच नये. लोह शरीरातच पडून असतं, वरून आणखी दिलं तर पोटाला त्रास.

निदानाची एक चाचणी माझ्या डोळ्यांसमोर झाली. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात सलाईनचे थेंब, आणि पट्टी हलकेच तिरकी करायची. निरोगी रक्त एकसारखं पसरतं. बुंदीचं रक्त फाटलेल्या दुधासारखं कणीदार झालं, कारण पेशी एकमेकींना चिकटत होत्या. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल, मधला फिकटपणा गेलेल्या पेशीही दिसल्या. प्लीहेने कडा खाल्ल्या की पेशी अशा दिसतात.

मग पहिला प्रश्न आला गोचिडीचा. आपल्याकडे तो पहिलाच असायला हवा. गोचिडीतून येणारे बॅबेसिया, एर्लिकिया हे जंतू स्वतः रक्त कमी करतातच, शिवाय प्रतिकारयंत्रणेला भडकवून हा आजारही ओढवून आणू शकतात. तसं असेल तर मूळ जंतूवर इलाज झाल्याशिवाय बाकीची औषधं टिकत नाहीत. बॅबेसिया स्लाइडवर दरवेळी सापडतोच असं नाही, म्हणून पीसीआरसाठी रक्त पाठवतात. बुंदीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. कर्करोग, एखादं औषध, आणखी कुठला संसर्ग हेही तपासून झालं. पुष्कळ कुत्र्यांत कारण सापडतच नाही. कॉकर स्पॅनियलसारख्या काही जातींत हा आजार जास्त दिसतो, पण देशी कुत्र्यांनाही तो सोडत नाही.

एचबी पाचवर असताना गोळ्यांची वाट बघत बसता येत नाही. प्रतिकारयंत्रणेला आवरणाऱ्या स्टेरॉइडचा परिणाम दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात आणि तोवर मेंदूला, हृदयाला प्राणवायू पोचवायला कोणाचं तरी रक्त लागतं. मुंबईत आजारी जनावर म्हटलं की अजूनही पहिलं नाव निघतं परळच्या बैलघोडा हॉस्पिटलचं, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाचं. १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालयही त्याच आवारात आहे. पण दवाखाना मोठा असो की लहान, कुत्र्याचं रक्त कपाटात तयार असेल अशी खात्री आपल्याकडे धरता येत नाही. बहुतेक वेळा दाता आपणच शोधायचा असतो.

आम्हाला शेजारच्या इमारतीतला लॅब्राडोर मिळाला. २५ किलोंच्या वर वजन, वय साधारण एक ते आठच्या दरम्यान, लसी पूर्ण, गोचिडीचा ताप नाही आणि स्वतः कधी रक्त घेतलेलं नाही, असा कुत्रा लागतो. एका वेळी साधारण ४५० मिलिलिटर रक्त घेतात. गळ्याच्या शिरेतून ते पिशवीत उतरेपर्यंत त्याच्या मालकिणीने त्याचं डोकं मांडीवर धरून ठेवलं होतं. त्या बाईंचं ऋण मी कशाने फेडणार? कुत्र्यांत डझनाहून जास्त रक्तगट आहेत, त्यातला ‘डीईए १’ महत्त्वाचा. पहिल्या वेळी सहसा मोठी प्रतिक्रिया येत नाही, पण गट आणि क्रॉसमॅच, म्हणजे दोघांचं रक्त एकमेकांशी जुळतं का ते, बघून दिलेलं बरं. दुसऱ्यांदा द्यायचं झालं तर क्रॉसमॅच हवंच. आणि बाहेरचं रक्तही शरीर मोडू शकतं. या रक्ताने आजार बरा होत नाही, औषधाला लागणारे दिवस तेवढे मिळतात.

एका गोष्टीने मी गोंधळले होते. रक्त इतकं कमी, आणि डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी लिहून देत होते. कारण असं की या आजारात रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात. फुप्फुसात गुठळी अडकली तर सुधारत असलेलं कुत्रं काही तासांत जातं. दगावणाऱ्या कुत्र्यांपैकी बरीचशी पहिल्या दोन आठवड्यांतच जातात आणि त्यामागे गुठळ्या हे एक मोठं कारण आहे. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये या आजारावर मार्गदर्शक मतं प्रसिद्ध केली, त्यांतही गुठळ्या रोखण्याच्या औषधांवर भर आहे. म्हणून क्लोपिडोग्रेलची गोळी ‘माणसांची आहे’ म्हणून बाजूला ठेवू नका.

पाचव्या दिवशी बुंदी घरी आली आणि खरी जबाबदारी आमच्यावर पडली.

पहिले काही आठवडे तिने शक्य तितकं कमी चालायचं होतं. जिना बंद. शूसाठी उचलून खाली, पट्टा लावून पाच मिनिटं, परत वर. पायांत बळ नसताना पोटाखालून जुना टॉवेल घेऊन दोन्ही टोकं हातात धरली की तिला आधार व्हायचा. दुपारच्या उकाड्यात बाहेर अजिबात नाही, कारण रक्त कमी असलेल्या जिवाला धाप परवडत नाही. गादी हॉलच्या कोपऱ्यात, पंख्याखाली. घरात दुसरं दांडगं कुत्रं असेल तर ते वेगळं ठेवावं लागतं.

रोज सकाळ-संध्याकाळ मी चार गोष्टी बघायचे आणि भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायचे. पापणीच्या आतला रंग, नेहमी त्याच खिडकीपाशी, कारण ट्यूबलाइटमध्ये सगळंच पिवळं दिसतं. शूचा रंग, त्यासाठी खाली पांढरा कागद. खाणं. आणि झोपेतला श्वास. छाती एकदा वर-खाली झाली की एक, असे मिनिटभर मोजायचे. गाढ झोपेत तिशीच्या आत असावेत. एका रात्री बेचाळीस आले. दहा मिनिटांनी पुन्हा मोजले तर चव्वेचाळीस, आणि आम्ही रिक्षा काढली. अचानक वाढलेला श्वास, कोसळणं, पुन्हा पांढरी पडलेली पापणी, चहासारखी शू, डांबरासारखी काळी शी किंवा एखादा पाय एकदम लुळा पडणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळ होईपर्यंत थांबायचं नाही. काळी शी म्हणजे स्टेरॉइडने पोटात जखम होऊन रक्त जात असण्याची शक्यता.

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा डोस सुरुवातीला मोठा असतो. त्यातून तहान, भूक, धाप आणि घरात शू हे सगळं येतं, त्याची तयारी आधीच ठेवावी. पाच वर्षांत कधी घरात शू न केलेली बुंदी दिवाणखान्यात करू लागली आणि करून झाल्यावर कान पाडून उभी राहायची. तिला रागावू नका, आणि शू कमी व्हावी म्हणून पाणी तर मुळीच तोडू नका. पाण्याची भांडी दोन ठेवा आणि रात्री अकराला एक फेरी मारा. भूक इतकी वाढते की ती केराच्या डब्यात तोंड घालते. पोट सुटतं, मांड्या बारीक होतात. हे बघणं सोपं नाही, पण डोस उतरला की हळूहळू निवळतं.

दिवसाचं खाणं तेवढंच ठेवून तीन-चार वेळा विभागावं. उकडलेलं कोंबडीचं मांस, भात, थोडा लाल भोपळा, किंवा डॉक्टरांनी सुचवलेलं तयार खाद्य. तेल-तूप, साय नको, कच्चं मांस तर नकोच, कारण औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली असते. सगळ्यात मोठा धोका मात्र आपल्या फोडणीत आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना थेट इजा करतात. निरोगी कुत्र्यालाही ते वाईटच, या कुत्र्याला तर घातक. शिजवल्याने विष जात नाही, आणि मटणाच्या रश्श्यात, सांबारात, पावभाजीच्या तव्यावर, तयार सूपच्या पुडीत कांदा-लसूण असतोच. मी कामाच्या मावशींना, वॉचमनकाकांना आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना जाऊन सांगितलं. आजी रोज तिला रश्शात बुडवलेला पोळीचा तुकडा द्यायच्या. त्यांना फार वाईट वाटलं. आता त्या कोरडी पोळी देतात, तीही मला विचारून.

प्रेमापोटी येणारे सल्ले नाकारताना जीव कासावीस होतो. कोणी गुळवेलीचा काढा आणून दिला, कोणी पपईच्या पानांचा रस. पण गुळवेल दिली जाते प्रतिकारशक्ती वाढवायला, आणि इथे तीच शक्ती दाबण्यासाठी रोज गोळ्या चालू असतात. पपईचा रस लोक प्लेटलेट्ससाठी देतात, तांबड्या पेशींशी त्याचा संबंध नाही. घरच्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा ब्रुफेनही देऊ नका. स्टेरॉइडबरोबर ब्रुफेनसारखं वेदनाशामक गेलं की पोटात जखमा होऊ शकतात.

स्टेरॉइडच्या जोडीला अनेकदा अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफिनोलेट किंवा सायक्लोस्पोरिन असतं. यांतल्या पहिल्या दोन गोळ्या फोडू-कुटू नयेत, हातमोजे घालून द्याव्यात, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने त्यांना हात लावू नये. त्या काळात कोणती लस द्यायची, कोणती पुढे ढकलायची, तेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

आता सगळ्यात कळीची गोष्ट. सहाव्या आठवड्यात बुंदीचं एचबी १२ झालं, ती बेल वाजली की भुंकू लागली, आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं की झालं. तिथेच घात होतो. स्टेरॉइड चालू असताना शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं जवळजवळ थांबवतं. गोळी एकदम बंद केली तर कुत्रं कोसळू शकतं, आणि आजारही उलटून येतो. रक्त स्थिर राहिलं तर साधारण तीन आठवड्यांनी डोस पाव भागाने उतरवायचा, दर वेळी आधी रक्त तपासायचं. हे असं चार ते आठ महिने. दर खेपेला तपासणीचे पैसे जातात, हे मला माहीत आहे. त्याबद्दल डॉक्टरांशी पहिल्याच आठवड्यात मोकळेपणी बोला. परवडेल अशी औषधं आणि तारखा बसवता येतात, पण गुपचूप गोळ्या कमी केल्या तर कोणालाच काही सांभाळता येत नाही.

गोचिडीचं औषध मात्र बारा महिने, निदान कोकणात आणि मुंबईत तरी. तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीत अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याच्या अंगावरची वेचून घर स्वच्छ होत नाही. महिन्याला किंवा तीन महिन्यांना द्यायची गोळी मिळते. बऱ्या झालेल्या दहा कुत्र्यांतलं एखाद-दुसरं पुन्हा या आजारात सापडतं, आणि गोचिडीचा ताप त्याला निमित्त होऊ शकतो.

सगळं नीट करूनही काही कुत्री जातात. बुंदीला दाखल केलं त्याच आठवड्यात तिथे एक कॉकर होता. त्याच्या घरच्यांनीही रक्त आणलं होतं, रात्र-रात्र बसले होते. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्यांच्या करण्यात काही उणं नव्हतं.

बुंदीची शेवटची पाव गोळी नोव्हेंबरात संपली. डिसेंबरच्या अखेरीस नवं कालनिर्णय लावलं आणि जुनं घडी करून तिच्या फाइलमध्ये ठेवलं. आजार उलटला तर कोणत्या डोसवर किती एचबी होतं, हे लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. अजूनही रोज सकाळी चहा गाळायच्या आधी तिला खिडकीपाशी बोलावते. ती येऊन उभी राहते, आणि मी अंगठ्याने पापणी खाली ओढायच्या आत स्वतःच मान वर करते.