चाईवरील लेप : श्रेय कोणाचे?

चाईचा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा घरगुती उपाय करूनच. नामपूर व एकूणच मोसम खोरे हा कांद्याचा मुलूख. त्यामुळे आमच्याकडे टकलाच्या चट्ट्यावर प्रथम चोळला जातो तो कांद्याचा रस. काही आठवड्यांत लव फुटली की श्रेय कांद्याला मिळते. हेच वैद्याच्या लेपानंतर घडले तर ते वैद्याला मिळते, मलम दुकानातून नेले असेल तर दुकानदाराला. मात्र लहान व अलीकडे पडलेला चट्टा अनेकदा कोणताही उपचार न करता भरून येतो. मर्यादित स्वरूपाच्या व्याधीत सुमारे एक तृतीयांश ते निम्मे रुग्ण वर्षभरात आपोआप सुधारतात, असे त्वचारोगशास्त्र सांगते. म्हणूनच इंद्रलुप्तात लेपाची परीक्षा अन्य व्याधींपेक्षा अधिक कठोरपणे करणे आवश्यक ठरते.

शास्त्रविचार

सुश्रुताचार्यांनी इंद्रलुप्ताचे वर्णन निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात क्षुद्ररोगांत केले आहे. वातासह प्रकुपित पित्त रोमकूपात शिरून केस पाडते आणि नंतर रक्तासह कफ रोमकूपाचा मार्ग रोधतो, त्यामुळे नवा केस उगवत नाही, अशी ही संप्राप्ती. वाग्भटाचार्यांनी खालित्यात केस क्रमाने झडतात, तर इंद्रलुप्तात एकाएकी, असा भेद केला आहे.

आधुनिक शास्त्रानुसार चाई, म्हणजे ॲलोपेशिया एरिएटा, हा स्वयंप्रतिकारजन्य विकार होय. शरीराच्याच लसीकापेशी केसाच्या मुळाभोवती गर्दी करतात व वाढ थांबवितात. रोमकूप मात्र नष्ट होत नाही. म्हणूनच पुन्हा केस उगवण्याची आशा राहते. या दोन मांडण्या एकच आहेत असे म्हणण्याची घाई करू नये. तथापि दोन्हींत विकृतीचे स्थान रोमकूप हेच आहे, आणि वाढत्या केसाचे मूळ त्वचेच्या पृष्ठाखाली काही मिलिमीटर खोल असते. बाह्योपचाराची खरी अडचण येथे आहे.

लेप किती खोल पोहोचतो?

२०२२ मध्ये अमेरिकेत तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीस मान्यता मिळाली. त्याच वर्गातील रुक्सोलिटिनिबचे दीड टक्का क्रीम मात्र २४ आठवड्यांच्या चाचणीत नुसत्या आधारक्रीमपेक्षा लक्षणीय सरस ठरले नाही. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका वर्गाचे औषध पोटातून गुणकारी ठरते, तर त्याच वर्गाचे दुसरे टाळूवर चोळून कमी पडते. त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइड सुईने थेट चट्ट्यात देतात, यामागेही हीच खोली आहे.

या दृष्टीने सुश्रुत चिकित्सास्थानाचा विसावा अध्याय पुन्हा वाचावा. तेथे स्नेहन-स्वेदनानंतर शिरोभागी सिरावेध, मरिच-मनःशिला-कासीस-तुत्थाचा लेप, कुटन्नट व देवदारूचा लेप, तसेच खोल प्रच्छान करून गुंजाकल्काचा वारंवार लेप, असा क्रम आहे. केवळ चोपडणे आचार्यांना पुरेसे वाटले नसावे.

कांद्याच्या रसाची चाचणी बगदाद येथील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. एकूण ३८ रुग्णांपैकी २३ जणांनी दिवसातून दोनदा रस लावला, तर १५ जणांनी साधे पाणी. सहा आठवड्यांत रस लावणाऱ्या २० जणांना केस आले. पाणी लावणाऱ्यांत आठ आठवड्यांनंतर केवळ दोघांना. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. परंतु रुग्णसंख्या अल्प आहे आणि कांद्याचा वास लपत नसल्याने कोणाला काय मिळाले हे गुप्त राहणे शक्य नव्हते. ॲबर्डीन येथील १९९८ च्या चाचणीत सिडारवुड, थाइम, रोझमेरी व लॅव्हेंडर यांची सुगंधी तेले वाहक तेलात मिसळून लावली असता ४३ पैकी १९ जणांत सुधारणा दिसली. नुसते वाहक तेल लावणाऱ्या ४१ पैकी ६ जणांतही ती दिसलीच! ही सहाची संख्या प्रत्येक वैद्याने लक्षात ठेवावी.

चिकित्सालयात काय करावे?

प्रथम निदान पक्के करावे. चाईचा चट्टा गुळगुळीत असतो, कोंडा वा व्रणवस्तू नसते. कडेला उद्गारचिन्हासारखे, मुळाशी निमुळते तुटके केस दिसतात. कधी नखांवर बारीक खळगे असतात. बालकाच्या डोक्यावर पापुद्रे व तुटके केस असतील तर बुरशीचा संसर्ग तपासावा. तेथे क्षोभक लेप अपाय करील. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या गावांत अल्पावधीत अनेकांचे केस गळले. असे एकाच गावातून अनेक रुग्ण आल्यास चाई न समजता आरोग्य विभागास त्वरित कळवावे.

दुसरे, मोजमाप. पारदर्शक प्लास्टिकवर चट्ट्याची सीमा आखून तारीख घालावी. शेजारी मोजपट्टी ठेवून त्याच प्रकाशात दर चार आठवड्यांनी छायाचित्र घ्यावे.

तिसरे, तुलना. दोन समान चट्टे असतील तर रुग्णाच्या संमतीने एकावर लेप व दुसऱ्यावर नुसते आधारतैल द्यावे. दोन्ही सारखेच भरले तर श्रेय निसर्गाचे. प्रथम येणारी पांढुरकी लव ही आरंभ समजावी, यश नव्हे.

चौथे, मर्यादा. बारा आठवड्यांत फरक नसेल, चट्टे झपाट्याने वाढत असतील, कानामागून मानेपर्यंत पट्टा पडत असेल किंवा भुवया-पापण्या झडत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. व्याधी पुन्हा उद्भवू शकतो, हे रुग्णास आरंभीच सांगावे.

औषधनिर्मात्यांसाठी

गुंजा, करवीर, मनःशिला व तुत्थ ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई (१) अनुसूचीतील विषद्रव्यांत आहेत. गुंजाबीजातील ॲब्रिन हे घातक प्रथिन उष्णतेने निष्प्रभ होते. दोलायंत्रात दूध वा कांजीत स्वेदनाच्या शोधनविधीचे महत्त्व यातून कळते. अशोधित गुंजा प्रच्छान केलेल्या त्वचेवर कदापि लावू नये, आणि प्रच्छानाचे शस्त्र प्रत्येक रुग्णास नवे निर्जंतुक असावे. उत्तरकालीन ग्रंथांतील हस्तिदंतमसीचा योग आज वर्ज्यच होय : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी देशी व आयात हस्तिदंताचा व्यापार बंद केला आहे. तसेच क्लोबेटासोलसारखी स्टेरॉइड मलमे २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत. ती चिठ्ठीविना देऊ नयेत. आयुर्वेदीय मलमात ती छुपेपणाने मिसळणे ही तर रुग्णाशी व शास्त्राशी प्रतारणा होय. टाळू पातळ पडते, आणि उगवलेल्या केसाचे श्रेय भलत्याच वनस्पतीला जाते.

आपल्या ग्रंथांतील योग गुणकारी आहेत की नाहीत, हे आखलेली सीमा, तारखेचे छायाचित्र आणि शेजारचा औषधाविना ठेवलेला चट्टा हेच सांगतील. तालुक्याच्या गावी बसणाऱ्या वैद्यालाही हे साधन उपलब्ध आहे. अशा नोंदी, अपयशासह, आपण एकमेकांपुढे ठेवल्या तर गुंजा, देवदारू आणि कांदा यांपैकी कोणाची बाजू खरी, हे आपल्यालाच ठरविता येईल.