स्पोर्ट्स कारची चाके आणि ऑटोमॅटिक कार वॉश : गणित-विज्ञानाच्या चष्म्यातून



मुलांना स्पोर्ट्स कारचं भारी वेड असतं. उद्या वर्गात कुणी विचारलं, "सर, एवढी महागडी गाडी ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये घातली तर तिची चाकं खराब होतात का?" तर काय सांगाल?

सरळ उत्तर असं : नुसत्या पाण्याने काही बिघडत नाही. चाक खराब होतं ते तीन कारणांनी. लोखंडी पट्टीला घासून, ब्रशमधल्या वाळूने आणि चुकीच्या रसायनाने. या तिन्हींत आपल्या पाठ्यपुस्तकातलंच गणित-विज्ञान आहे. चला, एकेक बघूया.

१) टायरवरचे आकडे

२०१९ साली आलेल्या पोर्श ९११ करेरा एस गाडीच्या मागच्या टायरचं माप ३०५/३०, २१ इंच असं आहे. ३०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ३० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ३० टक्के. २१ इंच हा धातूच्या रिमचा व्यास. आता शेकडेवारी लावा : ३०५ × ०.३० = ९१.५ मिमी.

आपल्या ओळखीच्या स्विफ्टच्या १५ इंची चाकाचं माप १८५/६५. म्हणजे १८५ × ०.६५ = १२०.२५ मिमी. गंमत बघा, स्पोर्ट्स कारचं चाक मोठं, पण रिमभोवतीचं रबर मात्र कमी!

अमेरिकेत बोगद्यासारखे कार वॉश सर्रास दिसतात. तिथे गाडीच्या एका बाजूची चाकं दोन पट्ट्यांमधल्या चाकोरीत येतात आणि चाकामागचा रोलर गाडी पुढे ढकलतो. रुंद टायर आणि बुटकी भिंत असली की रिमची कड त्या पट्टीला घासू शकते. ज्या यंत्रात गाडी जागेवर उभी राहते आणि यंत्रच तिच्याभोवती फिरतं, तिथे हा धोका बराच कमी असतो.

२) ब्रश आणि वाळू

मऊ ब्रशने ओरखडे कसे पडतील, असं मुलं विचारतील. ओरखडा ब्रश पाडत नाही, त्यात अडकलेली वाळू पाडते. वाळूतलं क्वार्ट्झ मोह्जच्या कठीणता मापश्रेणीत ७ वर आहे. रिमवरचा पारदर्शक लेप त्यापुढे फारच मऊ. तुमच्या आधी चिखलाने माखलेली जीप धुतली गेली असेल, तर तिची वाळू तुमच्या चाकावर फिरते. लेप फाटला की ओल आत शिरते आणि धातू खालून गंजत जातो.

३) आम्ल आणि आम्लारी

हे रिम बहुधा ॲल्युमिनिअमच्या संमिश्राचे असतात. त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन असतं. ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो धातूचं रक्षण करतो. पण हे ऑक्साइड उभयधर्मी आहे, म्हणजे आम्लातही विरघळतं आणि आम्लारीतही. दहावीचा हा मुद्दा मुलं नुसता पाठ करतात. इथे तो डोळ्यांसमोर दिसतो. ब्रेकची काळी धूळ चटकन निघावी म्हणून काही ठिकाणी तीव्र आम्लधर्मी किंवा तीव्र आम्लारिधर्मी द्रावण फवारतात. लेपाला चीर असेल, तर ते थेट धातूपर्यंत पोहोचतं. चाक गरम असेल, तर द्रावण तिथेच वाळतं आणि डाग पडतात.

पालकांनो, एक गोष्ट कळकळीने सांगतो. संडास साफ करायचं ॲसिड चाकावर कधीही ओतू नका. बाजारातल्या काही व्हील क्लीनरमध्ये फ्लोराइडयुक्त आम्लंही असतात. ती त्वचेतून आत जातात आणि वेदना काही वेळा तासाभराने किंवा त्याहून उशिरा सुरू होतात. गाडी धुताना मुलं मदतीला असतील, तर बाटलीवरचा मजकूर आधी वाचा.

मग करायचं काय?

सगळ्यात चांगलं म्हणजे चाक थंड झाल्यावर भरपूर पाणी, उदासीन सामूचा (सुमारे ७) शाम्पू आणि स्वच्छ मऊ कापड. यंत्रातच धुवायची असेल, तर बिनब्रशचं यंत्र निवडा, पण द्रावण कोणतं वापरतात ते विचारा. ब्रश नसला की घासण्याची कसर बऱ्याचदा तीव्र रसायनाने भरून काढतात. बोगद्यात शिरण्याआधी टायरच्या रुंदीची मर्यादाही विचारून घ्या.

वर्गासाठी उपक्रम

१. उभ्या असलेल्या पाच गाड्यांच्या टायरवरचे आकडे लिहून प्रत्येकाच्या भिंतीची उंची काढा. सर्वांत कमी रबर कोणत्या गाडीला?
२. लिंबाचा रस, साबणाचं पाणी आणि खायच्या सोड्याचं द्रावण लिटमसने तपासा. यांपैकी ॲल्युमिनिअमच्या भांड्यात रात्रभर काय ठेवू नये आणि का?

दुसऱ्या प्रश्नावर मुलांना आधी घरी आजीला विचारून यायला सांगा. शास्त्रीय कारण मग वर्गात सगळ्यांनी मिळून शोधा.